परतीची नळी

सोळा-तेरा टिपर, चौऱ्याण्णवचा.
खाण चालू होती तेव्हा दिवसाला सात खेपा,
उसगावच्या वळणावर लाल धूळ खाऊन मोठा झालेला.
खाण थांबली तसा फणसाखाली उभा राहिला.
हौद्यात पाणी साठलं, बेडूक झाले,
बँकेचा माणूस येऊन टायर मोजून गेला.

मेस्त इनास म्हणाला, विकू नकोस.
जुना पंप आहे, दगड दिला तरी पचवील.
नव्या गाड्यांचे घसे नाजूक, त्यांना पथ्यं फार.
हिला बाणावलीचं तळणाचं तेल चालेल.

तर आता सोमवारी आणि गुरुवारी
मी शॅकच्या मागच्या दारी असतो.
पुढे गाणी, गोरी माणसं, मागे मी आणि सहा कॅन.
चणाक, सुंगटं, रवा, बटाट्याच्या काड्या,
काय काय तळलं त्याची सगळी वही त्या तेलात.
आठ दिवस निवळायचं. मग चौपदरी कापड
पिंपाच्या तोंडाला बांधून गाळायचं.
कापड सुरंगीच्या लग्नातलं.
ती म्हणते, बघा, माझं पातळ
आता फुकटची सुंगटं गाळतंय.

दोन टाक्या. लहान डिझेलची, मोठी तेलाची.
आणि इंजिनाची तऱ्हा अशी
की पंप देतो तेवढं सगळं ते जाळत नाही.
पोटापुरतं घेतं,
उरलेलं गरम करून मागे धाडतं.
त्या उरलेल्याची वाट म्हणजे परतीची नळी,
करंगळीएवढी. कुणी तिच्याकडे बघत नाही.

इनासनं बोनेटवर बोट आपटून शिकवलं:
सुरुवात डिझेलवर. तापलं की तेल.
बंद करायच्या आधी पुन्हा डिझेल.
पण दोन्ही कळा एकदम फिरवू नकोस, बाब.
आधी जाण्याची. येण्याची राव मरे.
अजून नळीत मासळीच आहे,
ती तिच्या घरी जाऊ दे.

मी सेकंद मोजत नाही.
दाभाळच्या पुलापासून कपेलापर्यंत,
तेवढं अंतर दुसऱ्या कळेचं.

डिसेंबरात चिरे घेऊन मोलेला गेलो,
फोनवर मुलीच्या फीचं चाललं होतं,
दोन्ही कळा एका हातानं फिरल्या.
सकाळी थंडी. लहान टाकीत काठी घातली
तर काठीला तूप. पांढरं, दाणेदार.
स्टार्टर रडला, मग तोही थांबला.

इनास कदंबाच्या बसनं आला, खांद्यावर रबरी नळी.
रागावला नाही, ते जास्त लागलं.
टाकी उपसली, फिल्टर बदलला, मग म्हणाला,
परतीला टाकीच नको. वळवून पंपालाच लावू,
मग घोळच नाही.
लावली.
धारबांदोड्यापर्यंत गाडी झकास,
तिथे उचक्या.
हवा.
बाहेर जायला वाट नव्हती
म्हणून नळीतच फिरत बसलेली.
रस्त्याकडेला सांधा सैल केला,
बुडबुडे संपेपर्यंत दोघं ओणवे उभे होतो.
हात पुसत इनास म्हणाला,
रॉक पुढल्या नाताळाक येता म्हणता.
स्विंडनात गोदामात आहे त्याचा मुलगा, नऊ वर्षं.
मी काही विचारलं नव्हतं.
तो पुन्हा वाकला, नळीत फुंकर घालून म्हणाला,
तुझी जुनीच व्यवस्था बरी. फक्त मोज.

म्हणून पुन्हा दोन कळा,
पुन्हा पूल ते कपेल.
फणसाखाली बंद केली की एकदा
नळीला हात लावून बघतो,
बराच वेळ कोमट असते.
हॉर्न वाजवायची गरज पडत नाही.
तिस्कापासून कुत्री मागे लागलेली असतात,
आणि सुरंगी म्हणते, तुमच्याआधी
पुलावरनं बांगड्याचा वास येतो,
तेव्हाच मी भात उतरवते.